चालू कीर्तन बंद पाडलं, पोलिसांनी एनसीवर बोळवण केली. कलम कोणतं लागतं?

माळकरी_७१
माउली, तातडीने मदत हवी आहे. परवा रात्री आमच्या गावच्या सप्ताहात एकाने घुसून चालू कीर्तन बंद पाडलं. ठाण्यात गेलो तर एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात दिला, वर म्हणाले कोर्टात जा. भजन-कीर्तन उधळणाऱ्याला काही शिक्षा आहे की नाही? कलम आणि शिक्षा, एवढंच सांगा. आज संध्याकाळी पुन्हा जायचंय. उद्या काला आहे.

भीमाकाठ
नक्की काय केलं त्याने? नुसती शिवीगाळ, की अंगावर आला? किती वाजता? एनसीवर कोणती कलमं आहेत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पाटीलवाडा
२९५अ लावा म्हणावं. तीन वर्षं, अजामीनपात्र. आमच्याकडे गणपतीत असंच झालं होतं, शंभर माणसं ठाण्यापुढे बसली तेव्हा गुन्हा दाखल झाला. तुम्हीही तेच करा.

काळाकोट
शंभर माणसं नेऊ नका, उलट तुमच्यावरच जमावबंदीचा गुन्हा यायचा. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, २९५अ आता कलम २९९ झालंय. त्यात धार्मिक भावना दुखावण्याचा जाणूनबुजून, दुष्ट हेतू दाखवावा लागतो, शिवाय खटल्याला सरकारची मंजुरी लागते.
तुमचं कलम ३००, जुनं २९६. कायदेशीरपणे पूजा किंवा धार्मिक विधी करत असलेल्या जमावात मुद्दाम व्यत्यय आणला, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे, पण दखलपात्र आहे, पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. म्हणजे एफआयआर व्हायला हवा, एनसी नव्हे.

पाटीलवाडा
जामीनपात्र कलमाला कोण भीक घालतो? दुसऱ्या दिवशी तो चावडीवर मिशीला पीळ देत बसेल.

काळाकोट
दादा, हेतू सिद्ध झाला नाही की मोठं कलम कोर्टात गळून पडतं. जे घडलंय तेच लावावं.

माळकरी_७१
एनसीवर ३५२ आणि ३५१ आहे, शिवीगाळ आणि दमदाटी. वीणेचा शब्दही नाही! त्याने माइकची वायर उपटली, बुवांना नको ते बोलला आणि विणेकऱ्याला धक्का दिला. सातही दिवस आमची वीणा खाली टेकत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्यालाही एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ती फरशीवर आपटली. भोपळ्याला बोटभर लांब चीर गेली, दोन तारा तुटल्या. विणेकरी बाबांचं वय ७१. त्यांनी तिथंच बसकण मारली आणि रडले. मी याआधी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही.

सतारवेडा
वाचून पोटात कालवलं. वीणा टाकून देऊ नका, मिरजेला न्या. तिथले सतारमेकर अशी चीर आतून पट्टी लावून सांधतात. भोपळा बदलावा लागला तरी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले भोपळे त्यांच्याकडे असतात. माझ्या आजोबांचा तंबोरा तिथंच दुरुस्त झाला, जवारी काढल्यावर (घोडी घासून सूर लावल्यावर) पहिल्यासारखा बोलला.

भीमाकाठ
दुरुस्तीला अजिबात नेऊ नका! आधी पंचनामा होऊ दे. आणि वेळ अजून सांगितलेली नाही.

रात्रपाळी
हेच विचारायला आले. मी नर्स आहे. रात्रीच्या ड्यूटीवरून आल्यावर घराशेजारच्या भोंग्याने डोळा लागत नाही, मुलगी दहावीला आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून आहेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. वीणा पडली याचं मलाही वाईट वाटतं, पण तो माणूस का आला हे कुणीच विचारत नाही.

पाटीलवाडा
ताई, वर्षातून सात दिवस असतो सप्ताह. लग्नातल्या डीजेला कुणी काही बोलत नाही.

रात्रपाळी
मी डीजेलाही बोलते. चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय, दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाही धर्म सांगत नाही.

फोंडेकर
आमच्या गोव्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) लदीन, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, चालू असताना एकजण पिऊन आला आणि मेणबत्त्या लाथाडल्या. तेव्हा २९६ लागलं होतं. कलम सगळ्या धर्मांना सारखंच आहे. आम्हाला कामी आला तो एका पोराने काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ. तुमच्याकडे शूटिंग आहे का?

माळकरी_७१
कीर्तनाचं शूटिंग आहे. वेळ लपवत नाही, १० वाजून २० मिनिटं झाली होती. परवानगी दहापर्यंतच होती. बुवांचा अभंग संपत आला होता म्हणून स्पीकरचा बॉक्स चालू ठेवला. ती आमची चूक. पण त्याने ११२ ला फोन करायचा, म्हाताऱ्या माणसाला ढकलायचं नाही.

काळाकोट
बरोबर, आणि अर्जात हे असंच लिहा. समोरचा वकील ‘कायदेशीरपणे’ या शब्दावरच बोट ठेवणार, मग लपवलेलं अंगलट येतं. स्पीकरचा नियम मोडला तर त्याची कारवाई वेगळी. तेवढ्याने कुणाला विणेकऱ्याला ढकलायचा हक्क मिळत नाही.
अर्जात धक्का, वीणेची मोडतोड, कीर्तन थांबलं ती वेळ आणि साक्षीदार येऊ द्या. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७४ नुसार अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. ठाण्यात घेतलंच नाही तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर दंडाधिकारी. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

ज्ञानबा_तुकाराम
माझं ऐका, गावातच मिटवा. काल्याचा प्रसाद त्याच्याही घरी पाठवा. कोर्टात दहा वर्षं जातील.

भीमाकाठ
बाबांच्या पाया पडून माफी मागायला तो तयार आहे का, ते आधी विचारा.

माळकरी_७१
काल निरोप पाठवला होता. आला नाही. अर्ज दोन प्रतींत लिहून झालाय, निघतोय. शेजारच्या गावच्या भजनी मंडळाने त्यांची वीणा दिली, पहारा पुन्हा सुरू आहे. एकच विचारायचं राहिलं. आमची तुटलेली वीणा मुद्देमाल म्हणून ठाण्यात ठेवावी लागेल का? बाबा म्हणतात ती देवळाबाहेर जाऊ द्यायची नाही.

काळाकोट
देवळातच पंचनामा करा अशी विनंती अर्जात लिहा. जप्त केलीच तर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे जपून ठेवून लागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, परत मागता येते. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.