रविवारच्या शाळेत यूट्यूब किती?

प्रेषक: अनुप
विषय: रविवारच्या शाळेत यूट्यूब किती?

नमस्कार मंडळी,

परवा मंडळाच्या मराठी शाळेत मुलीला न्यायला जरा लवकर पोचलो, तर वर्गात दिवे मालवलेले आणि भिंतीवर व्हिडिओ चालू. मराठीच असणार, चांगलाही असेल, तक्रार त्याची नाही. पण घरी आम्ही तिच्या हातातून टॅबलेट काढून घेतो आणि शाळेत तोच पडदा मोठा करून दाखवतात, तर मग एवढ्या लांब गाडी हाकत यायचं कशाला? आठवड्याला जेमतेम दीड तास मिळतो. तो माणसांशी बोलण्यात जावा, एवढंच म्हणणं आहे. राग नसावा.

अनुप

---

प्रेषक: माधवी
विषय: उत्तर: रविवारच्या शाळेत यूट्यूब किती?

अनुप, राग कसला! उलट बरं झालं ईमेल-यादीवर विचारलंत.

तो व्हिडिओ चार मिनिटांचा होता आणि वर्गात त्याला चांगली वीस मिनिटं लागली. तुम्ही दारात उभे होतात तेव्हा आवाज बंद होता, ते लक्षात आलं का? बाजारातला प्रसंग पहिल्यांदा मुकाच लावते. भाजीवाली काय म्हणत असेल, गिऱ्हाईक किती पैसे कमी करायला सांगत असेल, ते मुलांनी बोलायचं. मग तोच आवाजासकट. "मी हेच म्हटलं होतं!" असा गलका होतो, पण तो मराठीत होतो, म्हणून मी थांबवत नाही. लॅपटॉपवर के दाबलं की व्हिडिओ थांबतो, जे दाबलं की दहा सेकंद मागे जातो. माझा अर्धा धडा या दोन बटणांवर चालतो. मोठ्या गटासाठी वेग पाऊणपट केला की भरभर बोलणाराही कळू लागतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पुस्तकात 'चार' आणि 'चाक' यांतला च एकसारखाच छापलेला असतो. तो फरक मुलं माझ्या तोंडून ऐकतात, पण एकट्या माझ्याच. मग सुट्टीत आजोळी गेली की गप्प बसतात, कारण तिथे कुणीच ताईंसारखं सावकाश, पुस्तकी बोलत नाही. मालवणातल्या आजोबांचं, नागपूरच्या मावशींचं बोलणं कानावर पडायला आमच्याकडे दुसरा रस्ता नाही.

अर्ध्या तासाची गोष्ट लावून द्यायची आणि मागे बसून वह्या तपासायच्या, असं कुठल्या वर्गात होत असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. तसं दिसलं तर मला जरूर कळवा.

माधवी

---

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: उत्तर: रविवारच्या शाळेत यूट्यूब किती?

मी खडूफळावाला माणूस, तरी माधवीच्या बाजूने. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं (दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकले!). त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. मूल घरच्या फोनवर कोड टिपतं आणि धडा, कविता पाहतं, ऐकतं. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. तिथल्या मुलींच्या घरची भाषा कन्नड आणि शाळेची मराठी. आपल्या पोरांचं वेगळं काय आहे? फक्त मराठी तिकडे शाळेत होती, इकडे घरात आहे. तीही निम्म्याच घरांत, असो.

माझा आक्षेप दुसराच आहे. दिवाळीच्या कार्यक्रमातल्या कविता मंडळाच्या चॅनेलवर टाकल्यात, त्याखाली मुलांची पूर्ण नावं कशाला? पालकांना विचारलं होतं का?

शिरीषकाका

---

प्रेषक: रोहन (संकेतस्थळ समिती)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: रविवारच्या शाळेत यूट्यूब किती?

काका, नावं आज रात्री काढतो.

बाकी सगळ्यांसाठी थोडक्यात: व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवला की शोधात येत नाही, पण दुवा ज्याच्या हाती लागेल तो पाहू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो. आपल्याकडे दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पडला की सांगलीपर्यंत जातोच. 'प्रायव्हेट' केला की आपण निवडलेल्या ईमेलधारकांनाच दिसतो, मात्र आजीआजोबांना लॉगिन करावं लागतं. आजीचा पासवर्ड आजोबांच्या वहीत असतो, हे माहीत आहे! तरी वर्गातल्या मुलांचे प्रायव्हेटच ठेवू.

खुले जे राहतील ते 'मुलांसाठी' म्हणून नोंदवावे लागतील. २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्यावरून यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतर २०२० पासून हा नियम आला. अशा व्हिडिओखाली टिप्पण्या बंद असतात आणि आवडीनिवडी हेरून दाखवलेल्या जाहिराती येत नाहीत. आणि ताई, व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर वाटू नका, ते त्यांच्या अटींत बसत नाही. प्लेलिस्टच पाठवा, ऑटोप्ले बंद करून.

रोहन

---

प्रेषक: अनुप
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: रविवारच्या शाळेत यूट्यूब किती?

माधवीताई, आवाज बंद होता हे खरंच लक्षात आलं नव्हतं. मुकी फिल्म आणि मुलांचं बोलणं, हे पटलं. वर्गात दिवे मात्र लावून ठेवा, अंधारात कोण कोणाशी बोलणार?

एक सुचतंय. माझ्या मामांचं कऱ्हाडजवळ गुऱ्हाळ आहे आणि हंगाम चालू आहे. काहील, चुलवाण, चिपाडं, ढेप, सगळं दाखवता येईल. आमच्या मुलीने गूळ फक्त डब्यातच पाहिलाय. मामांना फोनवर चित्रण करून पाठवायला सांगू का? ते बोलतात मात्र एकदम रांगडं.

अनुप

---

प्रेषक: माधवी
विषय: उत्तर: गुऱ्हाळ

रांगडंच हवंय. तीन मिनिटांच्या वर नको, फोन आडवा धरायला सांगा आणि मागे गाणं घालू नका, रस उकळतानाचा आवाज तसाच येऊ दे. गुळव्याला दोन प्रश्न विचारलेत तर फारच छान. त्याचा चेहरा दिसणार असेल तर त्याला आधी विचारून घ्या. पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळालं तर शब्दांची यादी करून ठेवते.

रोहन, ग्रंथालयातल्या प्रोजेक्टरला माझा लॅपटॉप जोडायची वायर तुझ्याकडे आहे का?

माधवी