मदत हवी आहे: जास्त शर्यती धावून हाफ मॅरेथॉन १:५० च्या आत येईल का?

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. वय ३८. आठवड्यातून चार दिवस मिळून ३० किमीच्या आसपास धावणं होतं, बहुतेक सगळं ५:५० ते ६:०० च्या पेसनं (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं). १० किमीची सर्वोत्तम वेळ ५२:०० मिनिटं, हाफची (२१.१ किमी) १:५८ तास. जानेवारीत मुंबईची हाफ १:५० च्या आत करायची आहे.

सरावात एकटीनं वेग निघत नाही, शर्यतीचा बिब (छातीवरचा क्रमांक) लावला की निघतो. म्हणून सप्टेंबरपासून दर दुसऱ्या रविवारी शर्यत असा बेत केला आहे: सुरुवातीला सातारा हिल हाफ, ऑक्टोबरात दोन १० किमी, नोव्हेंबर आणि डिसेंबरात दोन-दोन हाफ, मग मुंबई. शर्यतींनीच वेग वाढेल का? यातल्या कोणत्या ठेवू, कोणत्या सोडू? आणि दोन शर्यतींच्या मधे नेमकं काय करायचं?

टेकडीवाट

१:५० साठी किलोमीटरला ५:१३ लागतात. तुमचा १० किमीचा आजचा पेस ५:१२ आहे. म्हणजे आज जो वेग तुम्हाला जेमतेम दहा किलोमीटर पेलतो, तोच एकवीस किलोमीटर धरून ठेवायचा आहे. अंतर बरंच आहे, पण आवाक्याबाहेरचं नाही.

आता एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढणारं रीगेलचं सूत्र लावून बघा: जुन्या वेळेला (नवं अंतर ÷ जुनं अंतर) याच्या १.०६ व्या घातानं गुणायचं. ५२:०० वरून हाफ साधारण १:५४:४५ येते, आणि तुम्ही १:५८ ला पोचता. हे सूत्र त्या अंतराची नीट तयारी झालेली आहे असं धरून चालतं. वरची सव्वातीन मिनिटं वेग कमी म्हणून गेलेली नाहीत, तयारी कमी म्हणून गेली आहेत. खात्री करायची तर मागच्या हाफचे पाच-पाच किमीचे स्प्लिट (टप्प्याटप्प्याच्या वेळा) काढा. पहिले दहा ५:२५ नं आणि शेवटचे पाच ५:५० च्या पुढे गेले असतील, तर पाय आणि दमसास शेवटपर्यंत पुरत नाहीयेत. आठवड्याला ३० किमीवर ते पुरणारही नाहीत.

म्हणून कामं दोन, आणि याच क्रमानं. आधी आठवड्याचे किलोमीटर ४५ ते ५० वर न्यायचे. मग १० किमी साधारण ४९:५० पर्यंत आणायचं, कारण १:५० शी जुळणारी वेळ ती आहे. हाफवर हाफ धावून यातलं पहिलं काम होत नाही, उलट अडतं.

एक गोष्ट आजपासूनच बदला. रोजचं धावणं ६:३० ते ६:५० वर आणा. ५:५० हा तुमच्यासाठी मधलाच पेस आहे: इझी रन (आरामाचं धावणं) म्हणून जास्त, टेम्पो (कठीण, पण टिकवता येईल असा वेग) म्हणून कमी. त्यानं पाय कायम थोडे जड राहतात आणि वेगाच्या दिवशी वेग निघत नाही. "सरावात वेग निघत नाही" याचं अर्धं कारण मला इथेच दिसतं.

दमसास

वरच्याशी पूर्ण सहमत. दर दुसऱ्या रविवारी शर्यत असली की काय होतं ते पाहा. शर्यतीआधी तीन-चार दिवस सराव कमी करावा लागतो, नंतरचा आठवडा पाय मोकळे करण्यात जातो, मग लाँग रनसाठी (आठवड्यातली सगळ्यात लांब, संथ धाव) एकच रविवार उरतो आणि तोही थकल्या पायांनी. चार महिने असं चाललं तर आठवड्याचे किलोमीटर ३० वरून हलतच नाहीत. पहिल्या दोन शर्यतींत वेळ थोडी सुधारते, तिसरीपासून तिथेच अडकते.

न्यूझीलंडचा मॅरेथॉनपटू जॅक फॉस्टर याच्या नावानं एक जुना नियम सांगितला जातो: शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस कठीण सराव नाही. हाफनंतर १३ दिवस, १० किमीनंतर ६ दिवस. म्हणून शर्यतीच वाढवायच्या असतील तर ५ आणि १० किमीच्या वाढवा. वेगाची आणि अस्वस्थता सोसायची सवय त्यांतूनही लागते, आणि पुढच्या रविवारी लाँग रन करता येतो.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून उलटं मोजा. तीन आठवडे आधी, डिसेंबरअखेर, १० किमी पूर्ण जोरात. सहा आठवडे आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला, एक हाफ पूर्ण जोरात. नोव्हेंबरात एकच हाफ, तीही लाँग रन म्हणून: पहिले १५ किमी ६:१५ नं, शेवटचे ६ किमी ५:१५ ते ५:२० नं. हा बेत आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, नाहीतर गर्दीत पहिल्याच किलोमीटरला मोडतो. ऑक्टोबरात एक १० किमी. बाकीच्या सोडा.

आठवडा असा: मंगळवारी इंटरव्हल, १ किमीचे ५ तुकडे ५:०० नं, मधे अडीच मिनिटं संथ जॉग. बुधवारी ७ किमी इझी. शुक्रवारी टेम्पो, १० मिनिटांचे ३ तुकडे ५:१५ ते ५:२० नं, मधे दोन मिनिटं. शनिवारी ५ किमी इझी. रविवारी लाँग रन, १४ पासून वाढवत २० पर्यंत, ६:४० च्या आसपास. सुरुवातीचं आणि शेवटचं हळू धावणं धरून मंगळवार आणि शुक्रवार ९-१० किमीचे होतात. दर आठवड्याला तीनच किमी वाढवा, चौथ्या आठवड्यात एक चतुर्थांश कमी करा. टेम्पो ५:०० नं करायचा मोह होईल. तो टाळा, कारण मग ती शर्यतच होते आणि रविवार हातचा जातो.

लाल_माती

पण जपानी मॅरेथॉनपटू युकी कावाउचीचं काय? साइतामातल्या शाळेच्या कार्यालयात पूर्ण वेळ नोकरी करत तो वर्षभर शर्यती धावायचा आणि २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकला.

दमसास

उदाहरण चांगलं आहे, पण त्याच्या बाकीच्या आठवड्याकडेही बघायला हवं. तो बहुतेक दिवस एकदाच धावायचा आणि त्यातला मोठा भाग संथ जॉगिंगचा असायचा. शर्यत हाच त्याचा कठीण सराव होता, सरावाच्या वर आणखी शर्यत असं नव्हतं. शिवाय वर्षानुवर्षांच्या किलोमीटरांचा पाया खाली होता. इथे तो पायाच अजून घालायचा आहे.

अबोली_पुणे

खूप आभार. साताऱ्याची फी भरली आहे. ती १:५० च्या दृष्टीनं चाचणी धरू का? दुसरं, पाच दिवस धावायला लागले की दुपारनंतर गळून गेल्यासारखं होतं. शाकाहारी आहे.

टेकडीवाट

साताऱ्याची वेळ कशाशीही लावू नका. जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा, त्यामुळे सपाट रस्त्याशी तुलनाच होत नाही. चढावर पेस न बघता श्वासावर धावा, दोन-तीन शब्द बोलता येतील इतकंच. खरी किंमत उतारावर मोजावी लागते. मांडीचे पुढचे स्नायू लांबत असताना भार झेलतात आणि पुढचे तीन-चार दिवस जिना उतरताना ते जाणवतं. उतारावर पावलं लहान आणि भरभर ठेवा, टाच पुढे टाकून वेग रोखू नका. त्यानंतर दोन आठवडे इंटरव्हल नको.

गळून जाण्याबद्दल: हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन खाली असू शकतं, आणि धावणाऱ्या बायकांमध्ये हे वारंवार आढळतं. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. जेवणानंतर लगेच चहा घेत असाल तर तासभर पुढे ढकला, आणि पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसली तर त्या दिवशीचा कठीण सराव रद्द. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी वेदना असेल तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणारे बरेच दिसतात. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते, त्यामुळे अजिबात नको.

मैलाचा_दगड

दोन गोष्टी राहिल्या. जीपीएस घड्याळ हाफमध्ये २१.३ ते २१.४ किमी दाखवतं, कारण वळणांवर आपण आतल्या कडेनं धावत नाही. घड्याळात ५:१३ धरलंत तर १:५१ च्या पुढे जाल. ५:०९ धरा आणि दर पाच किमीच्या पाटीवर एकूण वेळ ताडून बघा: ५ ला २६:०४, १० ला ५२:०८, १५ ला १:१८:१२. पहिले तीन किमी ५:१८ पेक्षा वेगानं नकोत. तिथे सोडलेली पंधरा-वीस सेकंदं शेवटच्या पाचात मिळतात. लहान शर्यतींचं अंतर प्रमाणित आहे का हेही विचारून घ्या, साडेनऊ किमीच्या "१० किमी" वर पुढचे पेस ठरवले तर सगळंच चुकतं.

खाणं: शर्यतीच्या दोन तास आधी एक पोळी-गूळ किंवा दोन केळी. २० ते २५ ग्रॅम कर्बोदकांची एक जेल (धावताना खायची गोड, घट्ट द्रवाची पुडी) ४० व्या मिनिटाला आणि दुसरी ७५ व्या मिनिटाला, साध्या पाण्याबरोबर. इलेक्ट्रॉलची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच, लहान बाटलीत घट्ट करून प्यायलात तर मळमळतं. हे सगळं नोव्हेंबरच्या त्या हाफमध्ये जसंच्या तसं करून बघा, म्हणजे पोटाला काय चालत नाही ते मुंबईच्या आधी कळेल.