'इन्कम मोबिलिटी'ला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर: एका अर्थविषयक लेखाचं भाषांतर करतोय. त्यात 'इन्कम मोबिलिटी' आहे, म्हणजे काळाच्या ओघात लोकांचं उत्पन्न वर-खाली सरकणं. 'उत्पन्नाची गतिशीलता' लिहिलं तर संपादक म्हणतात, 'विषमता' लिहा, लोकांना कळतं.

आडवाटेचा: कळतं, पण चुकीचं. विषमता म्हणजे एका वर्षी कोणाच्या ताटात किती, एवढंच. माझा आणि तुमचा पगार आपसांत बदलला तरी विषमता मोजणारा जिनी गुणांक तसूभरही हलत नाही, कारण त्याला नावांशी देणंघेणं नाही. इथे सगळी मेख नावांत आहे. उत्पन्नानुसार लोकांचे पाच समान गट पाडले, तर तळाच्या पंचमांशात नेहमी २० टक्केच लोक असणार. दहा वर्षांपूर्वीचेच आहेत का, हा प्रश्न. त्यासाठी त्याच घरांत पुन्हा जावं लागतं. मिशिगन विद्यापीठ १९६८ पासून हे करतंय. आपल्याकडे भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मधली बरीचशी कुटुंबं २०११-१२ मध्ये पुन्हा गाठली.

काकूबाई: 'गतिशील' हे मराठीत कौतुकच वाटतं. सरकारी जाहिरातीतलं! घसरण कुठे बसवणार त्यात?

बोरूबहाद्दर: मग 'चढउतार'?

काकूबाई: छे, शेअर बाजार आठवतो. 'स्थलांतर'सारखं 'स्तरांतर' करा. वर जा नाहीतर खाली या, दोन्ही चालतं. आणि 'मिळकत' लिहू नका हं, पुणेकर लगेच मिळकतकर भरायला निघतील.

आडवाटेचा: स्तरांतर छान आहे, पण अर्ध्याच कामाचं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पाहिलं की १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक महागाई धरूनही आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होते. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आलं. यात स्तर बदलावा लागत नाही. सगळेच पुढे सरकले तर प्रत्येक जण आपल्या जागी राहूनही बापापेक्षा सुखी. ही निरपेक्ष गतिशीलता. स्तरांतर फक्त सापेक्षाला, म्हणजे इतरांच्या तुलनेत जागा बदलण्याला, लागू पडतं.

आणि मूळ लेखात भारताचा जिनी असेल तर तो उत्पन्नाचा की खर्चाचा, ते बघा. आपली राष्ट्रीय नमुना पाहणी प्रामुख्याने घरखर्च विचारत आली आहे. श्रीमंत बरंचसं शिल्लक टाकतात, त्यामुळे खर्चातली दरी उत्पन्नातल्यापेक्षा कमी दिसते. 'उत्पन्न विषमता' असं सरसकट छापलेलं मी कितीदा वाचलंय!

बोरूबहाद्दर: तक्ता पंचमांशांचाच आहे, म्हणजे सापेक्ष. 'उत्पन्न-स्तरांतर' लिहितो. जिनी मात्र खर्चाचा निघाला. तिथे 'खर्चातील विषमता' करतो.