मदत हवी आहे: सीआरटी-डी (हृदयाचे दोन्ही कप्पे एकत्र चालवणारा, गरज पडल्यास शॉक देणारा पेसमेकर) बसवल्यापासून डाव्या कुशीवर पोटात उडतं

बाबा ६८ वर्षांचे. ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते) २५ टक्के, एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूला विद्युत संदेश पोचण्यात अडथळा), क्यूआरएस (ईसीजीत कप्प्यांभर संदेश पसरायला लागणारा वेळ) १६० मिलिसेकंद. औषधं चालू असूनही दम लागायचा, म्हणून दीड महिन्यापूर्वी सीआरटी-डी बसवलं. दम खरंच कमी झालाय, जिना न थांबता चढतात. पण डाव्या कुशीवर वळले की बरगडीखाली उचकीसारखं टकटक उडतं. हात ठेवला तर मलाही जाणवतं. डाव्या बाजूच्या लीडचा (पेसमेकरपासून हृदयापर्यंत गेलेल्या तारेचा) करंट श्वासपटलाच्या नसेला लागतोय, असं डॉक्टर म्हणाले. दोनदा व्होल्टेज कमी केलं, आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. आणखी उतरवलं तर डावा कप्पा पेस होणार नाही, म्हणजे मशीनच्या करंटने आकुंचन पावणार नाही म्हणे. एक्स-रेत लीड जागेवरच आहे, आणि ती चार पोलची (करंट देता येईल अशा चार जागा असलेली) आहे. कुणाच्या घरी असं झालंय का? पोल बदलून थांबलं, की लीडच हलवावी लागली?