मदत हवी आहे: बत्तीस बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं आणि स्कूटीवर कसं बाळगावं?

कपाशीवाली

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण परिस्थिती कळल्याशिवाय नेमका सल्ला कोणी देऊ शकणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला आमचं कृषी केंद्र आहे. दुकान बाजाराच्या गावात आणि घर खेड्यात. मधला रस्ता सागाच्या जंगलातून जातो, दोन ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. हे गेल्यापासून दुकान मीच सांभाळते. खरिपाला बियाणं, खत, औषधं उधारीवर जातात आणि कापूस घरातून निघाला की दिवाळी ते संक्रांत वसुली येते. बहुतेक रोख. खात्यात पैसे आले की बँक आधी पीककर्जात वळते करेल, अशी शेतकऱ्याला धास्ती असते. म्हणून तो व्यापाऱ्याकडून रोखीनं घेतो आणि मलाही रोखीनंच देतो. बाजाराच्या दिवशी खरी गर्दी होते ती बँक बंद झाल्यावर.

मागच्या हंगामात मोटरसायकलवरच्या दोघांनी मला त्या जंगलाच्या पट्ट्यात गाठलं. मागच्यानं खांद्यावरची पर्स ओढली, दुसऱ्यानं स्कूटीला लाथ घातली. समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला म्हणून ते पळाले. तक्रार दिली आहे. त्यानंतर दुकानाच्या नंबरवर फोन आला, 'आजही एकटीच जाणार का?' एवढंच बोलून ठेवला. तो आवाज अजून कानात आहे.

एकानं 'देशी कट्टा आणून देतो' असं सुचवलं, त्याला दुकानातूनच हाकललं. रीतसर ए-१ नमुन्यात अर्ज केला, डॉक्टरांचा दाखला जोडला, प्रशिक्षण घेतलं, पोलिसांची चौकशी झाली आणि आता परवाना मंजूर झाला आहे. हत्यार अजून घ्यायचं आहे.

माझ्या डोक्यात 'निर्भीक' आहे, कारण ते हलकं आहे आणि बायकांसाठी काढलं म्हणतात. पण नागपूरच्या दुकानदारानं 'प्रबळ'ही सुचवलं. जुनं कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर वापरलेलं स्वस्तात मिळतं, असंही कळलं. यातलं कोणतं घ्यावं? दुसरं म्हणजे, मी दुकानात साडी नेसते, बाहेरगावी गेले तर पंजाबी ड्रेस. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अंगावर जास्तीचा कपडा सहन होत नाही. मग ते ठेवायचं कुठे? पर्समध्ये चालेल का? आणि तिसरी चिंता सगळ्यात मोठी. घरी नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. रस्त्यात रात्री रानडुकरं, कधी वाघही आडवा येतो, तेव्हा त्याचाही थोडा आधार होईल असं वाटतं.

'घेऊ नका' असं ज्यांना वाटतं त्यांनीही लिहा, वाचेन. फक्त कारण द्या.

निवृत्त हवालदार

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पर्समध्ये अजिबात नको. त्या दोघांनी सगळ्यात आधी काय ओढलं? पर्स. हत्यार आणि रोकड एका जागी असली की एका हिसक्यात दोन्ही जातात, आणि मग भरलेलं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात असतं. पर्समध्ये किल्ल्या, पेन, चिल्लर असते. त्यातलं काही ट्रिगरमध्ये अडकलं तर गोळी सुटू शकते. पैसे डिकीत किंवा पिशवीत ठेवा, हत्यार अंगावरच असू द्या.

आता स्कूटीचं. तुमचा उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. चालू गाडीवर तुम्ही हत्यार काढू शकत नाही आणि काढूही नये. काढलंत तर तोल जाईल, गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे ते उपयोगी पडणार फक्त गाडी थांबलेली असताना, तुम्ही दोन्ही पायांवर उभ्या असताना. पळून जायला वाट असेल तर ॲक्सिलरेटर पिळणं हाच पहिला बचाव. हे मनात पक्कं झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

कोणतं घ्यावं ते सांगतो. निर्भीक २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं काढलं. वजन ५०० ग्रॅम, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सहा गोळ्यांचं. बाजारात आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. जुनं बत्तीसचं मॉडेल इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवरून आलेलं, साधारण पाऊण किलोचं. या दोन्हींत नळी पुढून खाली मोडते आणि रिकामी टरफलं एकदम बाहेर येतात. प्रबळ २०२३ चं, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, नळी ७६ मिलिमीटर. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. 'मारा पन्नास मीटर' ही जाहिरात वाचून हुरळून जाऊ नका. तुमच्यावर वेळ येईल ती दोन-तीन हातांवर.

हलकं हत्यार बाळगायला सोपं, चालवायला अवघड. वजन कमी असलं की धक्का जास्त जाणवतो आणि ट्रिगर ओढताना नळी हलते. बत्तीसचा धक्का तसा मोठा नाही, पण ट्रिगर कडक असतो. दुकानात गेल्यावर रिकामं हत्यार हातात घ्या, दुकानदाराला विचारून, नळी सुरक्षित दिशेला धरून, ट्रिगर हळूहळू पूर्ण ओढा. एका बोटानं, सलग सहा वेळा. चौथ्या-पाचव्या वेळी हात थरथरायला लागला तर ते तुमच्यासाठी नाही, मग ते बायकांसाठी काढलेलं असो की आणखी कोणासाठी. मूठ तळव्यात पूर्ण बसते का, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट येतं का, हेही बघा. माझा कल विचाराल तर ७०० ग्रॅमचं घ्या. पण शेवटचा शब्द तुमच्या मनगटाचा.

वापरलेलं घेणार असाल तर जाणकाराला सोबत न्या. घोडा (मागची हातोडी) चढवल्यावर सिलिंडर डुगडुगतं का, नळी मोडायची खिट्टी ढिली झाली आहे का, नळीच्या आत गंजाचे खड्डे आहेत का, हे त्याच्याकडून तपासून घ्या.

नलूताई

मी अकोल्याकडची. आमचा पेट्रोल पंप आहे, तेव्हा रोकड घेऊन जाण्याची भीती काय असते ते माहीत आहे.

कपडे हा पुरुषांना न कळणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते. साडीवर कमरेला पट्टा नीट बसत नाही. निऱ्यांच्या बाजूला खोचलं तर बसता-उठता सरकतं आणि पदराखालून काढायला दोन्ही हात लागतात. त्यापेक्षा आपण स्कूटीवर उन्हासाठी जो सनकोट घालतो ना, तो कामी येतो. शिंप्याकडून जाड कापडाचा शिवून घेतला. उजव्या बाजूला आतून दुहेरी जीनचा खिसा, वर चिकटपट्टीची झडप. त्या खिशात रिव्हॉल्व्हर नुसतं टाकायचं नाही. खिशाचं म्हणून वेगळं होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, मिळतं, ते ट्रिगर पूर्ण झाकतं. ते आत घट्ट बसवायचं. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, रुमालसुद्धा नाही. सनकोट उन्हाळ्यातही सगळ्याच बायका घालतात, त्यामुळे कोणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. ओढणी किंवा स्कार्फची टोकं मात्र आत खोचायची, घोड्याला अडकतात.

एक अडचण राहतेच. दुकानात गेल्यावर कोट काढून खुंटीला अडकवायचा नाही. मी काउंटरच्या आत भिंतीला बसवलेली लोखंडी पेटी ठेवली आहे, आल्याबरोबर त्यात कुलूपबंद.

आणि घामाचं बघा. वैशाखात सगळं ओलं होतं. रोज रात्री कोरड्या फडक्यानं पुसायचं, अधूनमधून तेलाचं बोट. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ते महिनोन् महिने ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि गंज चढतो.

आता न विचारलेलं सांगते, रागावू नका. आम्ही वसुलीची वेळच बदलली. संध्याकाळी रोकड हलवतच नाही. रात्री जमिनीत गाडलेल्या तिजोरीत ठेवतो आणि सकाळी बँक उघडताना दोघं जण घेऊन जातो. तुमच्या बाजारपेठेतल्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून एक गाडी केली तर? बाजाराच्या रात्री एकटीनं जंगलातून जायचं कारणच उरणार नाही.

पैनगंगाकाठ

ताई, मी टिपेश्वर अभयारण्याच्या कडेचाच आहो. तुमी डुकराचं न् वाघाचं जे लिवलं ते डोक्यातून काढून टाका. बत्तीसच्या गोयीनं डुक्कर मरत नाई, चवताळते. मंग ते गाडीसकट तुमाले आडवं करन. आमच्याकडे पयले पिकासाठी भरमार बंदूक राहत जाय, ते काम येगळं होतं.

वाघ दिसला त गाडी उभी करा, लाईट चालू ठेवा, त्याले जाऊ द्या. उतरू नका, पाठ दाखवून पयू नका. न् हत्यार घेऊन अभयारण्याच्या हद्दीत चुकूनसुदा शिरू नका, परवानगीशिवाय चालत नाई. तुमचा रस्ता हद्दीतून जाते का बाहेरून, ते वनरक्षकाले पयले इचारून घ्या.

वकील_वर्धा

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ मध्ये स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावासाठी सद्हेतूनं प्राण्याला मारलं तर गुन्हा नाही, अशी तरतूद आहे. पण ते सिद्ध करेपर्यंत तुमची पायपीट होईल, आणि बत्तीसनं मुळात बचावच होणार नाही.

ताई, कट्टा नाकारलात ते फार बरं केलंत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे.

बाळगण्याबद्दल शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ वाचा. सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे स्कूटीच्या डिकीत ठेवून बँकेत जाणं नाही. दाखवून धाक घालणं तर अजिबात नाही. उधारी मागायला जाताना ते शक्यतो सोबत नेऊच नका. शब्दानं शब्द वाढला आणि समोरच्यानं 'बंदूक दाखवली' अशी तक्रार दिली, तर परवाना धोक्यात येतो. परवान्यावर क्षेत्र काय लिहिलं आहे तेही आजच बघा. फक्त महाराष्ट्र असेल तर आदिलाबादला माल आणायला जाताना ते घरी कुलपात राहील. तुमच्याकडून तेलंगणाची हद्द जवळ आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता गोळी झाडण्याचा हक्क. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ खासगी बचावाची. कलम ३८ नुसार जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू होईपर्यंत बचाव करता येतो. जबरी चोरीचाही कलम ४१ मध्ये समावेश आहे. पण पर्स घेऊन पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातली तर हा बचाव कोर्टात टिकणं अवघड. तो पळाला की तुमच्यावरचा धोका संपला. पैसे जाऊ द्यायचे. आणि कधी गोळी झाडावी लागलीच, तर हत्यार न लपवता लगेच ११२ ला कळवा आणि वकिलाला बोलवा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. खरा धोका असेल तर सूट मिळावी म्हणून अर्ज करता येतो. तो फोन, ती तक्रार, सगळ्याच्या प्रती जपून ठेवा.

कपाशीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्सचं इतकं उघड होतं, तरी माझ्या मनात आलं नव्हतं. नलूताई, सनकोटाचं उद्याच शिंप्याला सांगते. बाजाराच्या दिवशी भाड्याची गाडी करण्याबद्दल शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराशी बोलले, ते आणि किराणावाले तयार आहेत. पण बाकीचे दिवस मी एकटीच असते आणि फोन करणाऱ्याला माझं घर माहीत आहे, म्हणून हत्यार घ्यायचा विचार कायम आहे.

हवालदारकाका, मुलाबद्दल काही लिहिलं नाहीत. तो कपाटाच्या वर ठेवलेला खाऊचा डबाही शोधून काढतो.

निवृत्त हवालदार

तेच लिहिणार होतो. लपवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. पोरांना लपवलेलं सापडतंच. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं आवळलेली छोटी लोखंडी तिजोरी घ्या, आकड्यांच्या कुलपाची. किल्लीची घेतलीत तर किल्ली कुठे असते ते मुलाला आठ दिवसांत कळेल. आकडा त्याची जन्मतारीख नको. सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र तुम्ही अर्जासोबत दिलंच असेल, ते शब्दशः पाळा. राहिलेली काडतुसं दुसऱ्या कुलपात, किती घेतली आणि किती उरली याची नोंद वहीत.

मुलापासून ते गुपित ठेवू नका. एकदा तुमच्या समोर, रिकामं करून, त्याला दाखवा आणि सांगा: हे कुठेही दिसलं तरी हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि आईला सांगायचं. कुतूहल दाबलं तर ते वाढतं. शाळेत कोणाला सांगायचं नाही, हेही त्याच वेळी सांगा. सासूबाईंनाही हे कळलेलं असू द्या.

आणि सराव. शेतात बांधावर उभं राहून गोळ्या झाडायच्या नाहीत. अधिकृत रेंजवरच जा. घरी रिकाम्या हत्यारात खोटी काडतुसं घालून ट्रिगर ओढायचा सराव करा. मुलगा शाळेत असताना, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. सनकोटाच्या खिशातून काढायचा सरावही करा. कोट घालून, उभ्यानं, डाव्या हातानं झडप उघडून. खोटं काडतूस असलं तरी नळी भिंतीकडे, माणसाकडे कधीच नाही.

कपाशीवाली

लिहून घेतलं काका. पुढच्या आठवड्यात नागपूरला जाऊन दोन्ही हातात घेऊन बघते, ट्रिगर सहा वेळा ओढूनच ठरवते. तिजोरी आधी बसवेन, हत्यार नंतर आणेन. नागपूर किंवा अमरावतीकडे रेंजवर सराव करणाऱ्या कोणी ताई इथे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिल्या एक-दोन वेळा सोबत असेल तर बरं वाटेल.