घरी सोडलं, पुढे काय? : आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचे अनुभव

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्या सकाळी डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचं ठीकठाक कधी पाहिलंत?" मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत झटका आला असेल तर ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात. मी बाबांना रात्री दहाला पाहिलं होतं. त्यांच्या बाबतीत वेळ टळून गेली होती.

त्या एका उत्तरापुरती मी तिथे महत्त्वाची होते. नंतरचे बारा दिवस मला कुणी काही विचारलं नाही. तेराव्या दिवशी जाडजूड फाइल, गोळ्यांची पिशवी आणि 'पंधरा दिवसांनी दाखवायला या' एवढं हातात आलं. घरी येऊन बाबांना पलंगावर ठेवलं आणि मी नि आई एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. यांना कुशीवर कसं वळवायचं, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी त्यांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढायचे. उजवी बाजूच लुळी होती. तिसऱ्या आठवड्यात खांदा इतका दुखू लागला की हात लावला तरी ते ओरडायचे. फिजिओथेरपिस्ट ताई आल्या, त्यांनी खांद्यावर बोट ठेवून सांधा किती खाली सरकलाय ते दाखवलं. लुळ्या बाजूच्या स्नायूंना सांधा धरून ठेवायची ताकद नसते, म्हणून त्या हाताला कधी ओढायचं नाही. पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली आपला हात घालायचा, गुडघे वाकवून घ्यायचे, मग कुशीवर वळवायचं. मला शिकायला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं घरी सोडायच्या दिवशी मिळाली असती तर बाबांचे पुढचे चार महिने वाचले असते. हे मी अजून विसरू शकत नाही.

म्हणून विचारते आहे. तुम्ही कुणाचं आजारपण काढलं असेल, काढत असाल, तर लिहा. काय शिकवलं गेलं नाही, काय मदत मिळाली, काय मिळायला हवं होतं. लहानसहान वाटेल तेही लिहा.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश, सहा वर्षं

आजाराचं नाव कळण्यातच आमची दोन वर्षं गेली. 'वय झालं की होतंच,' असं सगळे म्हणायचे, त्यात एक डॉक्टरही होते. जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी, आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा आजार १९०६ साली मांडला तेव्हा त्यांची रुग्ण जेमतेम पन्नाशी ओलांडलेली बाई होती. म्हणजे हे नुसतं म्हातारपण नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. मला हे पुष्कळ उशिरा कळलं आणि फार राग आला.

दिवस मावळायला लागला की आईंची तगमग सुरू होते. "मला घरी जायचंय." आधी मी समजूत घालायचे, "आई, हेच तुमचं घर." त्यावर त्या आणखी चिडायच्या. आता मी विचारते, "घरी कोण कोण आहे?" मग त्या आपल्या धाकट्या भावाबद्दल सांगू लागतात आणि दाराकडे जाणारी पावलं थांबतात. हे मला कुणी सांगितलं नाही. दमून एकदा चुकून विचारलं गेलं, त्यातून सापडलं.

गेल्या वर्षी मात्र त्या दोन दिवसांत पार बदलल्या. भिंतीवर माणसं दिसायला लागली. दिवसा गुंगी, रात्री आरडाओरडा. 'आजार पुढे सरकला' म्हणून झोपेची गोळी लिहून मिळाली. मी तिथून हलले नाही. म्हटलं, मी यांना इतकी वर्षं बघतेय, यांचं विसरणं महिन्यामहिन्यांनी वाढतं, दोन रात्रींत नाही. लघवी तपासली, संसर्ग निघाला. उपचार झाल्यावर हळूहळू त्या पहिल्यासारख्या झाल्या. पहिल्यासारख्या म्हणजे विसराळूच, पण आपल्या आई. म्हणून सगळ्यांना सांगते, माणूस तासांत किंवा दोन-चार दिवसांत बदललं तर संसर्ग, बद्धकोष्ठ, पोटात पाणी कमी जाणं, नुकतीच सुरू झालेली गोळी, हे आधी तपासायला लावा. चष्मा नि कानाचं यंत्र जागेवर आहे का तेही बघा.

माझ्याबद्दल एकच. एका समाजसेविकेने मला २२ प्रश्नांचा कागद भरायला दिला. काळजी घेणाऱ्यावर किती भार पडतोय हे मोजायची ती प्रश्नावली आहे, झॅरिट नावाच्या संशोधकांची. स्वतःसाठी वेळ उरतो का, तब्येतीवर परिणाम होतोय का, असं विचारत विचारत शेवटी एकंदर किती ओझं वाटतं ते विचारतात. मी तिथेच, त्या खुर्चीत रडले. सहा वर्षांत 'त्या कशा आहेत' हे शेकडो वेळा विचारलं गेलं होतं. त्या कागदानंतर आठवड्यातून दोन दिवस आईंना दिवसभराच्या देखभाल केंद्रात नेऊ लागलो. पहिल्या दिवशी त्यांना सोडून आले आणि पाच तास झोपले.

निवृत्त परिचारिका

मी वॉर्डात तेवीस वर्षं काम केलं. तुम्ही लिहिलेलं वाचून मान खाली जाते, पण आमची बाजूही सांगते. घरी सोडायचं ठरतं दुपारी, बिल होतं संध्याकाळी, आणि त्याच वेळी त्या खाटेवर दुसरा रुग्ण यायचा असतो. शिकवायला वेळ कागदावर कुठेच धरलेला नसतो. कामाच्या तक्त्यात औषधं आहेत, ड्रेसिंग आहे, 'नातेवाइकांना शिकवणे' या कामाला मिनिटं नाहीत. जोवर ती मोजली जात नाहीत तोवर हे असंच चालणार.

मी काय करायचे ते सांगते. भरती झाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच मुलीला किंवा बायकोला पडद्याआड बोलवायचे. आधी मी करून दाखवायचे, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून करवून घ्यायचे. 'समजलं का?' असं विचारलं की सगळेच 'हो' म्हणतात. 'आता मला करून दाखवा' म्हटलं की खरं कळतं. लघवीची पिशवी पलंगावर ठेवणारे कितीतरी जण मी असेच पकडले. ती कायम मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी जाऊन संसर्ग होतो. नाकातल्या नळीने अन्न देताना माणूस अर्धा उठून बसलेला हवा आणि नंतरही किमान अर्धा तास तसाच राहायला हवा. आडवं करून भरवलं तर अन्न छातीत जायची भीती असते.

तुम्ही मागून घ्या, बाई. 'सिस्टर, एकदा माझ्या हातून करवून घ्या,' असं म्हणायला लाजू नका. चिडल्या तरी चालेल.

मुलाला सेरेब्रल पाल्सी, वय चौदा

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात 'घरी आल्यावर' असं आहे. आमचं तसं नाही, आमचं जन्मापासूनच घरी. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणं.

माझा मुलगा बोलत नाही, पण डोळ्यांनी सगळं सांगतो. लहान होता तेव्हा कडेवर घेऊन मी कुठेही जायचे. आता तो जवळजवळ माझ्या उंचीचा आहे आणि माझ्या पाठीच्या मणक्यांत चकती सरकलेली आहे. मूल वाढलं याचा आनंद आणि 'आता याला उचलायचं कसं' ही धास्ती, दोन्ही एकाच वेळी मनात येतात. मग आनंदाचीही शरम वाटते. उचलायचं यंत्र असतं, झोळीसारखं, हे मला तो बारा वर्षांचा झाल्यावर दुसऱ्या एका आईकडून कळलं.

अशा मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकू शकतो, दुखेपर्यंत कळतही नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढावा लागतो. आमचा दोन वर्षं राहिला. बालरोगतज्ज्ञांना वाटलं हाडांचे डॉक्टर बघत असतील, त्यांना वाटलं बालरोगतज्ज्ञ. मधल्या फटीत मुलगा होता. तेव्हापासून मी एक वही ठेवते. त्यात सगळ्या डॉक्टरांचं, सगळ्या गोळ्यांचं, सगळ्या तारखांचं. आकडीचे झटके कधी आले, किती मिनिटं चालले तेही. पाच मिनिटांच्या वर गेला तर नाकात मारायचा फवारा द्यायचा आणि दवाखान्यात निघायचं. हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे मी घरात नसले तरी कुणालाही करता येईल.

अजून चार वर्षांनी तो अठरा वर्षांचा होईल. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागेल. कोणाकडे, हे त्यांनाही सांगता आलं नाही. आणि आमच्यानंतर काय, हा प्रश्न मी नवऱ्याशीसुद्धा बोलत नाही. परवा माझी अकरा वर्षांची मुलगी आपणहून म्हणाली, "दादाला मी बघेन." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला धस्स झालं.

लांब राहणारा मुलगा

मी दुसऱ्या देशात असतो, आईचं सगळं बहीण करते. पहिली दोन वर्षं मी फोनवर सूचना देत असे. हे विचारलंस का, ते दाखवलंस का. एकदा ती म्हणाली, "दादा, तुझे प्रश्न मला उत्तर द्यायला अजून एक माणूस वाढवतात." खूप लागलं ते. आता विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या वेळा घेणं, तपासण्यांचे अहवाल पाठवणं, औषधं संपायच्या आत मागवणं हे सगळं मी करतो. वर्षातून महिनाभर येतो आणि त्या महिन्यात बहीण घराबाहेर जाते. बाकी सल्ले बंद केले.

पत्नीला कर्करोग होता

ती जाऊन सोळा महिने झाले. मला लिहायला जमेल की नाही माहीत नव्हतं.

शेवटच्या काळात तिला मॉर्फिन सुरू केलं. मी घाबरलो होतो. सवय लागेल, श्वास बंद पडेल, मॉर्फिन म्हणजे आता संपलं, असं सगळं डोक्यात. म्हणून मी तिला ठरलेल्या वेळेच्या तासभर उशिरा द्यायचो. मुद्दाम. तिला कमी 'विष' जावं म्हणून. ती दात-ओठ खात घड्याळाकडे बघायची आणि मी तिला धीर धर म्हणायचो.

वेदनाशामक उपचारांच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुखणं उसळल्यावर गोळी दिली तर ते आटोक्यात यायला वेळ लागतो, म्हणून दुखायच्या आधी, घड्याळाप्रमाणे द्यायची. मोजून, वाढवत नेलेल्या मात्रेने दुखणाऱ्या माणसाचा श्वास थांबत नाही. पहिले काही दिवस गुंगी येते, ती उतरते. बद्धकोष्ठ मात्र उतरत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. आम्हाला ते दिलंच गेलं नव्हतं. तिचं निम्मं तळमळणं त्याचं होतं.

त्यांच्याकडून मला सिसिली सॉन्डर्स यांच्याबद्दल कळलं. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. दुखणं शरीराचं असतं तसंच मनाचं, घरच्यांच्या चिंतेचं, 'माझं काय चुकलं' या प्रश्नाचंही असतं, आणि ते सगळं मिळून एक दुखणं होतं, असं त्या मांडत. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा कबूल केलं की गोळी मी उशिरा देत होतो. बायको आत झोपली होती. नंतर तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

शेवटचे सात आठवडे ती बरीच शांत होती. आम्ही खूप बोललो. हे उपचार आजार कळला त्या दिवसापासून मिळू शकतात, शेवटची वाट बघायची गरज नसते. आम्हाला कुणी पाठवलंच नाही, मी स्वतः शोधत गेलो. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी तिथल्या सिस्टरांचा फोन आला. मी म्हटलं, ती गेली, तुम्हाला माहीत नाही का? त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुमच्यासाठीच केलाय."

पैसे घेऊन सेवा करणारी

मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच काम करते. बारा तासांची पाळी. बदली माणूस आलं नाही तर चोवीस. सगळे मला 'घरच्यासारखी' म्हणतात, पण घरच्या माणसाची पाठ दुखली तर त्याला बसायला सांगतात. आजोबांना एकटीने उचलून माझी दोन्ही मनगटं गेली. मला कुठेही शिकवलेलं नव्हतं, पहिल्या घरी मावशींचं बघून शिकले. आजोबा गेले त्या दिवशी हिशेब करून मला पाठवलं. सव्वा वर्ष मी त्यांना न्हाऊ-माखू घातलं होतं. मला थोडं थांबायचं होतं.

भावाला स्किझोफ्रेनिया

थोडंच लिहितो. शारीरिक आजारात लोक भेटायला तरी येतात. आमच्याकडे यायचे थांबले. भाऊ गोळ्या नियमित घेतो, अर्धवेळ नोकरीही करतो. पण 'रुग्णाची गोपनीयता' म्हणून डॉक्टर आम्हाला काहीच सांगत नव्हते, तेव्हा तो औषध सोडून आठ दिवस जागा होता हे आम्ही कुणाला सांगायचं? शेवटी तो बरा असताना आम्ही तिघांनी बसून कागद केला. कोणती लक्षणं दिसली तर मी डॉक्टरांना फोन करायचा, कोणता दवाखाना चालेल, कोणता चालणार नाही. सही त्याची. तो कागद त्याचा आहे हे त्याला फार महत्त्वाचं वाटतं.

आईला खुब्याचं फ्रॅक्चर, घरी येऊन नऊ दिवस

सगळं वाचलं. मला आत्ता विचारायचंय. आईच्या डाव्या टाचेवर लाल डाग दिसतोय, रुपयाएवढा. दुखत नाही म्हणते. उद्यापर्यंत थांबू का? मी एकटीच आहे, चार रात्री झोपलेली नाही.

निवृत्त परिचारिका

थांबू नका. बोटाने दाबून सोडा. पांढरं पडून पुन्हा लाल होतंय की लालच राहतंय? लालच राहत असेल तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. पोटरीखाली उशी ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे. गोल रिंग घालू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. चोळू नका. दर दोन तासांनी कूस बदला, पण ऑपरेशन केलेल्या बाजूला वळवायचं का ते डॉक्टरांना विचारून. आजच दाखवा. मधुमेह आहे का त्यांना? आणि आज रात्री कुणाला तरी बोलवा, ताई. कुणालाही.

आईला खुब्याचं फ्रॅक्चर

लालच राहतंय. मधुमेह आहे. दाखवून आले. कातडी फुटलेली नाही म्हणाले, वेळेत आलात. सिस्टरांनी उशी कशी ठेवायची ते माझ्याकडून दोनदा करवून घेतलं, मीच मागितलं. मावसभावाला फोन केला, तो येतोय, दोन वाजेपर्यंत तो जागणार. मी आता झोपते.