मदत हवी आहे: साल्दुझ आणि इब्राहिम निकालांची सांगड कशी घालायची?

नमस्कार मंडळी. सेमिनारसाठी युरोपीय मानवी हक्क करारातलं कलम ६ (न्याय्य खटल्याचा हक्क) घेतलंय आणि पार अडकलेय.

साल्दुझ वि. तुर्कस्तान (२००८): आरोपी सतरा वर्षांचा पोरगा. पोलिसांनी वकिलाविना जबाब घेतला, पुढे त्याने तो नाकारला, तरी शिक्षेचा मुख्य आधार तोच. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकमताने कलम ६ चं उल्लंघन ठरवलं. इथपर्यंत ठीक.

मग २०१६ चा इब्राहिम निकाल, लंडनच्या २१ जुलै २००५ च्या फसलेल्या बॉम्बहल्ल्यांचा. तिघा आरोपींना वकील उशिरा मिळूनही उल्लंघन नाही, कारण म्हणे खटला एकूणात न्याय्य होता! चौथ्याच्या बाबतीत मात्र उल्लंघन. त्याची चौकशी साक्षीदार म्हणून सुरू झालेली.

म्हणजे सबळ कारणाशिवाय वकील नाकारला, तर तेवढ्यावरच खटला सदोष ठरतो, की खटला न्याय्य होता हे दाखवण्याचा सरकारवरचा भार फक्त वाढतो? कुणी नीट समजावेल का? सोमवारी सादरीकरण आहे.